साहेबांची कवळी

आमच्या साहेबांचे समोरचे दात ज्या सकाळी माझ्या पायाशी येऊन पडले, त्या सकाळी मला पहिल्यांदा त्यांची दया आली. अर्ध्या मिनिटापुरतीच आली, पण आली. खोटं कशाला बोलू?

तसं दात पायाशी पडणं आमच्याकडे काही विशेष नाही. आम्ही दातच बनवतो. एका बुटांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब आहे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं घेऊन आमच्याकडे पाठवतात. प्लास्टरकाका त्या मापांत प्लास्टर ओतून हिरड्यांचे साचे काढतात, मी त्या साच्यांवर गुलाबी मेण चढवून त्यात एकेक दात बसवते, आणि सगळं पक्कं झालं की पॉलिशवाली ते घासूनपुसून चकाकवते. कवळ्या हा माझा प्रांत. आख्खी कवळी हाताने लावणारी या गावात मी एकटीच उरले आहे, बाकीच्यांनी मशीन घेतलं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, थोडी फुशारकी म्हणूनच सांगते.

आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर साहेब. पाठीमागे आम्ही त्यांना भोंगा म्हणायचो. त्यांचा आवाज सुटला की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक एक पाय बुटात आणि एक पाय हवेत अशा अवस्थेत छताकडे बघत राहायचं, असं दुकानदार सांगायचा.

रोज सकाळी आमची उभी मीटिंग व्हायची. बसून मीटिंग घेतली की माणसं सुस्तावतात, असं साहेब कुठल्याशा शिबिरात शिकून आले होते. प्लास्टरच्या खोलीत आम्ही भिंतीला पाठ लावून उभे, साहेब मधोमध, आणि टेबलावर परतीचा ट्रे. परतीचा ट्रे म्हणजे डॉक्टरांनी परत पाठवलेली कामं. कुणाला टोचते, कुणाला सैल होते, कुणाच्या बायकोला रंग पसंत नाही. अशी कामं प्रत्येक लॅबमध्ये येतात, तोंड ही काही फूटपट्टीने आखलेली वस्तू नव्हे. पण साहेब ट्रेमधली एखादी कवळी मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरून वर करायचे आणि विचारायचे, "हे कुणाचं?" कुणाचं ते त्यांना चांगलं ठाऊक असायचं. पण ज्याचं त्याने बोलायचं, मग साहेबांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा.

त्यांची वाक्यं ठरलेली होती. "अहो बाई, डोकं घरी ठेवून आलात का?" हे सौम्य. "शंभरदा सांगितलं तरी तेच शेण?" हे मध्यम. आणि "सगळ्यांना समजतं, फक्त तुम्हालाच समजत नाही!" हे खास माझ्यासाठी राखून ठेवलेलं. का, ते मला कधी कळलं नाही. मी उलट बोलत नव्हते म्हणून असेल. मी हात मागे बांधून, नजर फरशीवर लावून उभी राहायचे. मग जागेवर जाऊन मेणात दात बसवायला घेतला की हात थरथरायचा, आणि थरथरत्या हाताने बसवलेला दात पुढच्या आठवड्यात परतीच्या ट्रेमध्ये हजर. असा आमचा कारखाना गोल गोल छान चालला होता.

"सोडून दे ना," नवरा म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला वाटतं अडकलेल्या जागेतून बाहेर पडायला फक्त दार उघडायचं असतं. पण मला ते काम आवडायचं. एखाद्या म्हातारीचं आत गेलेलं तोंड माझ्या कवळीने भरून येतं आणि डॉक्टर फोन करून सांगतात की आजी आरशात बघून चक्क लाजल्या, तेव्हा मला जे वाटतं ते दुसरीकडे कुठे मिळणार? भोंग्याला घाबरून मी ते का सोडायचं?

आणि तरीही सोडायच्या विचाराला मी आले होते. शिव्या मी खाऊन पचवत होते, त्याचं काही नाही. पण भोंगा माझ्याबरोबर घरी यायला लागला होता.

एकदा संध्याकाळी लेक शाळेसाठी चित्र काढत बसली होती आणि तिच्या कोपराने निळ्या रंगाची बाटली टेबलावर आडवी झाली. एवढंच. माझ्या तोंडून निघालं, "सगळ्यांना समजतं, फक्त तुलाच समजत नाही!" तोच सूर, शेवटच्या "नाही"वर तोच झटका. लेक रडली नाही. तिने हात मागे बांधले, नजर फरशीवर लावली आणि भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ओरडणं साहेबांचं होतं आणि ते उभं राहणं माझं होतं, आणि दोन्ही माझ्याच घरात, निळ्या रंगाच्या थारोळ्याच्या अलीकडे-पलीकडे.

नवरा भांडी पुसत होता. म्हणाला, "तुझ्या साहेबांचं पण ताट वाढू का?"

मला हसू आलं नाही. मी ठरवलं, आणखी एकदा जरी हे घरात झालं, तर दुसऱ्या दिवशी नोकरी सोडायची. मग कवळ्या गेल्या, म्हाताऱ्या गेल्या, सगळं गेलं तरी चालेल.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ती दातांची सकाळ उगवली.

ट्रेमध्ये माझीच एक कवळी होती. साहेबांनी ती वर केली, मी हात मागे बांधले, आणि भोंगा सुटला, "सगळ्यांना समजतं, फक्त..." त्या "फ"वर त्यांनी जो काही जोर लावला, त्याबरोबर त्यांच्या तोंडातून काहीतरी उडालं, टेबलाच्या कडेवर आपटलं आणि टुणटुणत माझ्या चपलेशी येऊन थांबलं. साहेबांचे वरचे पुढचे दात. तारेवर बसवलेले, जुने, कुठल्यातरी दुसऱ्याच लॅबचे. ते काम किती भिकार आहे हे मला वरूनच दिसलं. साहेबांना खोटे दात आहेत हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दातांच्या लॅबमध्ये.

कुणी हसलं नाही. हसण्यासाठी जी हिंमत लागते ती आमच्यात नव्हतीच. साहेबांनी तोंडावर हात घेतला. पॉलिशवाली पुढे आली, तिने ते दात उचलले आणि सवयीने परतीच्या ट्रेमध्ये ठेवले.

तिची शपथ, ते सवयीनेच झालं.

साहेब केबिनमध्ये गेले ते आम्हाला कामं पाठवणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे जाण्यासाठीच बाहेर पडले. ज्या दातांना ती तार अडकवलेली होती, ते दात हलायला लागले होते. डॉक्टरीणबाईंनी वरचे उरलेसुरले सगळे काढले आणि हिरड्या भरून येईपर्यंत थांबायला सांगितलं. साहेब कामावर आले ते तोंडाला मास्क लावून. लॅबमध्ये प्लास्टरची धूळ असते, मास्क आम्ही सगळेच लावतो, त्यामुळे ते खपूनही गेलं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, "घशाचा त्रास. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे." ज्यांनी ज्यांनी ते दात टुणटुणताना पाहिले होते, त्या सगळ्यांनी घशाची आपुलकीने चौकशी केली. प्लास्टरकाकांनी तर गरम पाण्याच्या गुळण्या सुचवल्या.

मग साहेब चिठ्ठ्या लिहायला लागले. पहिले काही दिवस उद्गारचिन्हांनी कागद फाटायचा. पण शिवी ओरडायला जेवढी सोपी तेवढी लिहायला नसते. "सगळ्यांना समजतं, फक्त तुम्हालाच समजत नाही" एवढं लिहीपर्यंत माणसाचा हात दुखतो आणि रागही निवतो. हळूहळू चिठ्ठ्या आखडत गेल्या. "दाढ उंच आहे. घासा." "रंग एक छटा फिका." आम्ही दाढ घासायचो, रंग फिका करायचो. अहो, कळायला लागलं की त्यांना काय हवंय ते! इतकी वर्षं त्या आवाजात ते काम नेमकं काय सांगतात हेच ऐकू येत नव्हतं. माझा हात स्थिर झाला. परतीचा ट्रे रिकामा राहायला लागला. घरी लेक पुन्हा टेबलावर रंग घेऊन बसायला लागली, तेही मी समोर असताना.

अशात एक दिवस लॅबच्या मालकीणबाई आल्या. त्या लांब राहतात, अधूनमधून येतात. त्यांनी रिकामा ट्रे बघितला, शांतपणे चाललेली कामं बघितली, आणि साहेबांच्या पाठीवर हात ठेवला. "याला म्हणतात शिस्त!" त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "साहेबांकडून शिका काहीतरी. एक शब्द न बोलता कशी लॅब चालवतात बघा. नवी शाखा निघेल तिथेही हीच पद्धत लावायची." साहेबांनी मास्कच्या आतून नम्रपणे मान डोलावली. प्लास्टरकाकांना त्याच क्षणी जोराचा खोकला आला आणि ते बाहेर निघून गेले.

त्यानंतर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावायची खूण केली आणि मास्क काढला. तोंडाच्या जागी नुसती एक सुरकुती होती.

"माझी कवळी तुम्ही करायची," ते म्हणाले. शब्दांत हवाच जास्त होती, दोनदा विचारून घ्यावं लागलं. "डॉक्टरीणबाई माप पाठवतील. बाहेर कुठे बोलायचं नाही."

बाहेरच्या लॅबमध्ये ते जाऊ शकत नव्हते. आमच्या साहेबांचा आमच्याच लॅबवर भरवसा नाही, हे दुपारपर्यंत गावभर झालं असतं. शिवाय गावात हाताने कवळी लावणारी कोण, तर तीच बाई, सगळ्यांना समजतं आणि फक्त जिलाच समजत नाही.

"बोललात, तर तुमच्या जागेसाठी रांग लागलीय बाहेर," त्यांनी पुढे जोडलं. पण हवेतून धमकी नीट पोचत नाही. मी "हो साहेब" म्हटलं आणि बाहेर आले.

बोलायची गरजच नव्हती. त्यांच्या हिरड्यांचा साचा प्लास्टरकाकांनीच काढायचा होता. काका तो हातात धरून बराच वेळ बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "ताई, साचा केसभर सरकला तर काय होईल?"

"टोचेल."

"खूप?"

"बोलताना जास्त."

"चुका काय, माणसाकडूनच होतात," काका म्हणाले.

पॉलिशवालीचा बेत आणखी सरळ होता. "ताई, पुढचे दात जरा बाहेर लावा ना. फसफस होईल. एवढे शांत दिवस आपण पुन्हा कधी बघणार? तुम्हीच हा भोंगा बसवणार आणि तुम्हीच आधी बहिऱ्या होणार!"

तिचं चुकत नव्हतं. मी स्वतःच्या हाताने त्या माणसाला आवाज परत देणार होते. तो आवाज मग माझ्याबरोबर घरी येणार होता. मी दोघांना म्हटलं, बघते. आणि खरंच मनात धरून बसले होते, की पुढचे दात एक तसूभर बाहेर लावायचे.

पण हातांनी ऐकलं नाही. मेण मऊ करून पहिला दात हातात घेतला की मला माणूस दिसतच नाही, तोंड दिसतं. ओठाला आधार कुठे हवा, हसताना किती दिसायला हवं, जीभ कुठे टेकेल. मी दात बाहेर लावला, बघितला, आणि मलाच ते इतकं ओंगळ दिसलं की सुरीने मेण कापून पुन्हा आत घेतला. मला माझाच संताप आला. असल्या माणसासाठी एवढा जीव कशाला पाखडायचा? पण बोटं लागलीच होती कामाला. दोन दिवसांनी मेणातली कवळी तयार झाली तेव्हा ती इतकी देखणी होती की पॉलिशवालीने कपाळावर हात मारला.

"झालं," ती म्हणाली, "आता बसा बोंबलत."

मेणातली कवळी पक्की करण्याआधी ट्रायल असते. ती तोंडात घालून माणसाला बोलायला लावायचं आणि लावणाऱ्याने कान देऊन ऐकायचं. एरवी हे दवाखान्यात होतं. साहेबांनी ते शनिवारी दुपारी, सगळे गेल्यावर, माझ्याच टेबलाशी ठेवलं. खिडकीतून ऊन येत होतं. मी त्यांना स्टुलावर बसवलं, कवळी तोंडात बसवली आणि हातात आरसा दिला.

तोंड भरून आलं. दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले. माझ्या छातीत ते ओळखीचं काहीतरी हललं, ज्यासाठी मी हे काम करते. भोंग्यासाठीसुद्धा हलावं याचा मला रागच आला.

"आता बोलून बघा," मी म्हटलं. "पण हळू. मेण आहे. जोर लावलात तर दात निखळतील."

"काय बोलू?" ते हळू म्हणाले. मी त्यांचा खरा आवाज पहिल्यांदा ऐकला. बरा होता.

"रोजच्या बोलण्यातलं काहीही. तोंडाला ज्याची सवय आहे तेच घ्यावं लागतं. 'स', 'श', 'फ' असलेलं बघा."

साहेबांनी बराच विचार केला. "माझ्या रोजच्या बोलण्यात काय असतं?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. थट्टा नव्हती. त्यांना खरंच आठवत नव्हतं. आम्ही ज्या वाक्यांनी रात्रीची झोप घालवायचो, ती त्यांच्या लक्षातही नव्हती.

"म्हणा," मी म्हटलं, "सगळ्यांना समजतं, फक्त तुम्हालाच समजत नाही."

ते थबकले. "हे मी म्हणतो?"

"रोज सकाळी, साहेब. यात 'स' आणि 'फ' दोन्ही येतात, कामाला फार उपयोगी वाक्य आहे. 'श'साठी 'शंभरदा सांगितलं तरी तेच शेण'."

दात निखळायच्या भीतीने त्यांना चिडता येत नव्हतं. आरशात बघत ते म्हणाले, "सगळ्यांना समजतं, फक्त तुम्हालाच समजत नाही." हळू म्हटल्यावर ते वाक्य एखाद्या काळजीत पडलेल्या माणसाचं वाटलं.

"पुन्हा एकदा. आता 'डोकं घरी ठेवून आलात का?'"

"डोकं घरी ठेवून आलात का?" त्यांनी विचारलं, अगदी चौकशी केल्यासारखं.

"नाही साहेब," मी म्हटलं, "डोकं बरोबरच आणते. घरी दुसरंच काहीतरी जातं. तुमचं ते वाक्य मी माझ्या लेकीला म्हटलं. रंग सांडला म्हणून. तुमच्यासारखंच, तुमच्याच आवाजात. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आम्ही इथे राहतो तशी. तेव्हापासून मी नोकरी सोडायचा विचार करतेय."

इतकं मी त्यांच्याशी आयुष्यात बोलले नव्हते. साहेब आरशात बघत होते, हलत नव्हते. मला वाटलं, लागलं कुठेतरी. मग त्यांनी ओठ उचलून सुळ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले,

"हा जरा जास्त पांढरा वाटत नाही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी म्हटलं, "बघते साहेब," आणि कवळी काढून घेतली. सुळा खरंच जरासा पांढरा होता. मी तो बदललासुद्धा, आणि रविवारी येऊन कवळी पक्की करून दिली.

सोमवारी उभी मीटिंग पुन्हा सुरू झाली. साहेबांनी मास्क काढला आणि आमच्याकडे बघून हसले. पॉलिशवालीने माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की पाठीमागच्या भिंतीत शिरता आलं असतं तर बरं झालं असतं. ट्रे रिकामाच होता. पण दात नवे आणि ट्रे रिकामा म्हणून गप्प बसणाऱ्यांतले साहेब नव्हते. शिवाय शनिवारी मी जे बघितलं होतं, जे बोलले होते, ते त्यांना पुसून टाकायचं होतं, तेही सगळ्यांसमोर. त्यांनी माझ्या टेबलावरची एक अर्धवट कवळी मागवून घेतली, दोन बोटांत वर केली आणि म्हणाले, "हे कुणाचं?"

"माझं, साहेब. अजून व्हायचंय."

"अजून व्हायचंय? शनिवारपासून? सगळ्यांना समजतं, फक्त तुम्हालाच समजत नाही!"

काय आवाज होता! "स" खणखणीत, "फ" स्वच्छ, एकही अक्षर कुठे अडखळलं नाही. आख्ख्या आयुष्यात मी लावलेली ती सगळ्यात चांगली कवळी होती. शिव्या खाता खाता मला स्वतःचा अभिमान वाटला, इतकी मी वाया गेलेली आहे. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की माझे हात मागे बांधलेले आहेत. बोटं बोटांत घट्ट, नजर फरशीवर. लेक उभी होती अगदी तशी.

मी हात सोडले. पुढे गेले. साहेबांच्या तोंडाजवळ कान नेऊन मान तिरकी केली, ट्रायलच्या वेळी करते तशी.

"साहेब, थांबा जरा. परत म्हणा बघू."

"काय?"

"तेच. 'सगळ्यांना समजतं'. शिट्टी येतेय."

साहेबांनी वर धरलेली कवळी खाली घेतली. "शिट्टी?"

"'स'ला. हळू बोललात तर नाही येत. आवाज चढला की येते." मी मान खाली घालून म्हटलं, "माझंच काम कमी पडलं, साहेब. कवळी परतीच्या ट्रेमध्ये टाका."

साहेबांचा चेहरा उतरला. शिट्टीची गंमत अशी, की ज्याच्या तोंडात असते त्याला ती नीट ऐकू येत नाही. ऐकणाऱ्यावरच भरवसा ठेवावा लागतो. त्यांनी प्लास्टरकाकांकडे बघितलं. काकांनी गंभीरपणे डोकं खाजवलं. "आहे, साहेब. थोडीशी. बारीक."

"मला वाटलं खाली रस्त्यावर कोणी वाजवली," पॉलिशवाली म्हणाली.

साहेबांनी तोंड मिटलं. "बघू," ते अगदी हळू म्हणाले, आणि त्या दिवशीची मीटिंग संपली.

ते डॉक्टरीणबाईंकडेही जाऊन आले. त्यांना शिट्टी सापडली नाही. सापडणार कशी? डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत साहेब अदबीने बोलतात, हळू. म्हणजे मी सांगितलं तेच खरं ठरलं. तेव्हापासून साहेबांचा आवाज चढायला लागला की मी हातातलं काम ठेवते आणि नुसती मान तिरकी करते. पुढचं वाक्य आपोआप खाली येतं. कवळी बदलून देऊ का, असं मी दोनदा विचारलं. ते म्हणाले, राहू द्या, सवय होईल. मालकीणबाईंनी नव्या शाखेच्या उद्घाटनात त्यांच्या मृदू स्वभावाचं खास कौतुक केलं, आणि साहेब हसले तेव्हा ते दात उजेडात असे काही सुरेख दिसले की शेजारच्या बाई म्हणाल्या, "खरेच आहेत का हो?" मला कुणाला सांगताही आलं नाही की माझे आहेत. मी तर सगळ्यांसमोर सांगून बसले होते की ते काम फसलं. खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही. पण त्या एका कवळीबद्दल वाटतं, अजूनही वाटतं.

घरी मात्र मी हा किस्सा रंगवून सांगितला. मान तिरकी करून दाखवली, साहेबांचं तोंड मिटणं करून दाखवलं. नवरा हसून हसून खुर्चीवरून घसरला. लेकीने तर मला तीन-चारदा परत करायला लावलं आणि झोपायला जाईपर्यंत सगळ्या घराला "शिट्टी येतेय" म्हणत फिरली. मला वाटलं, संपलं. भोंगा बंद, नोकरी शाबूत, घर शांत.

पुढच्या आठवड्यात मी कामावरून दमून आले. दिवसभर साहेब एकदाही ओरडले नव्हते. कुणीच ओरडलं नव्हतं. दार उघडलं, तर टेबलावर हिरवा रंग, टेबलावरून खुर्चीवर, खुर्चीवरून माझ्या धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर, आणि मधोमध लेक, हातात ब्रश.

"किती वेळा सांगायचं?" माझा आवाज चढला. "सगळ्यांना समजतं, फक्त तुलाच..."

लेकीने हात मागे बांधले नाहीत. ती भिंतीकडेही गेली नाही. तिने ब्रश खाली ठेवला, माझ्यापाशी आली, मान तिरकी केली आणि कान देऊन ऐकलं.

"आई," ती म्हणाली, "शिट्टी येतेय."

मी तोंड मिटलं. जीभ दातांवरून फिरवून बघितली. सगळे माझेच होते, एकही बसवलेला नव्हता, आणि साहेब गावाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरी शांत बसलेले असणार.

"परत म्हण," लेक म्हणाली. "हळू."

मी तेच वाक्य हळू म्हणायला गेले. पण ते हळू म्हणण्यासारखं वाक्यच नव्हतं. मग मी खाली बसले आणि विचारलं, "रंग कुठकुठे गेलाय, दाखव बघू."